पाच फ्रेम: एका पेनल्टीचं प्रकरण

ही हकिगत एका व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या क्लबची आहे. क्लबचं, लीगचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि कोणी ओळखू येईल असे बारकावे गाळले आहेत. त्या हंगामात मी क्लबच्या कार्यालयात होतो. शिस्तभंगाच्या नोटिसा माझ्या टेबलावर यायच्या आणि उत्तरांचा मसुदाही मीच करायचो. पुढे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

खोटं पडून रेफरीला फसवणं हा गुन्हा नवा नाही. 1999 पासून त्याला पिवळं कार्ड ठरलेलं आहे. नियमावलीतल्या बाराव्या नियमात ते अखिलाडू वर्तन म्हणून येतं. अडचण एवढीच की हे कार्ड फक्त पकडल्या गेलेल्या चोरासाठी आहे. रेफरी फसला नाही तर पिवळं कार्ड. फसला तर पेनल्टी, बहुतेक वेळा गोल, कधी समोरच्या डिफेंडरची हकालपट्टी, आणि फसवणाऱ्याला काहीच नाही. हा हिशेब समजायला फार डोकं लागत नाही आणि खेळाडूंना तो लहान वयातच समजतो.

2018 मध्ये व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून रेफरीला मदत करणारी व्यवस्था, नियमावलीत आली तेव्हा वाटलं होतं, आता हे संपेल. पण व्हीएआरचे हात बांधलेले होते. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेलं कार्ड, एवढ्यातच ते तेव्हा लक्ष घालू शकत होतं. तेही चूक ढळढळीत असेल तरच. पडद्यावर जरासा जरी स्पर्श दिसला तरी चूक ढळढळीत राहत नाही. मैदानावरचा निर्णय कायम होतो.

आमच्या लीगनं त्या हंगामापासून सामन्यानंतरच्या शिक्षेचा नियम आणला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं 2017-18 च्या हंगामात सामना अधिकाऱ्याची यशस्वी फसवणूक हा वेगळा आरोप सुरू केला होता, त्यावरच तो बेतलेला होता. फसवणुकीमुळे पेनल्टी मिळाली किंवा प्रतिस्पर्धी खेळाडू बाहेर गेला, तरच प्रकरण पुढे जातं. एक माजी रेफरी, एक माजी प्रशिक्षक आणि एक माजी खेळाडू चित्रफीत वेगवेगळी बसून पाहतात. तिघांचं एकमत झालं तरच आरोप ठेवला जातो. सिद्ध झाला तर दोन सामन्यांची बंदी आणि समोरच्या खेळाडूला त्या प्रसंगात मिळालेलं कार्ड रद्द. सामन्याचा निकाल मात्र बदलत नाही.

नियमात एक बारीक कलम होतं. आरोप मान्य केला तरी दोन सामने, लढून हरलात तरी दोनच. याकडे आमच्यापैकी कोणीही हंगामाच्या सुरुवातीला लक्ष दिलं नव्हतं.

घटना

घरच्या मैदानावरचा सामना, 78 वं मिनिट, 1-1. आम्ही तळाच्या चार संघांत, समोरचे आमच्यापेक्षा एका गुणानं वर. आमचा डावा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, वय 22, चेंडू घेऊन बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात, शिरला. त्यांच्या उजव्या सेंटर बॅकनं, म्हणजे मधल्या डिफेंडरनं, पाय बाहेर टाकला आणि लगेच आखडता घेतला. विंगर पडला. रेफरीनं क्षणाचाही विचार न करता पेनल्टीच्या खुणेकडे हात केला आणि त्या डिफेंडरला दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलं. व्हीएआरनं तपासलं. नडगीला स्पर्श दिसत होता. निर्णय कायम झाला. आम्ही गोल केला, 2-1 जिंकलो.

त्यांचा डिफेंडर बाहेर जाताना आमच्या बाकासमोरून गेला. ओरडला नाही, काही फेकलं नाही. विंगरकडे पाहून नुसतं ‘खरंच?’ म्हणाला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, मला ते ऐकू आलं. विंगरनं मान फिरवली.

पत्रकार परिषद

खरा निर्णय इथेच होऊन गेला, असं मला आता वाटतं. सामना संपून चाळीस मिनिटंही झाली नव्हती. पहिलाच प्रश्न पेनल्टीवर आला. कोचनी रिप्ले एकदाच, तोही बाकाजवळच्या टॅबलेटच्या छोट्या पडद्यावर पाहिला होता. ते म्हणाले, ‘मी पाहिलंय. पाय लागलाय. शंभर टक्के पेनल्टी. माझा खेळाडू फसवणारा नाही.’

शेवटचं वाक्य कोणी विचारलंच नव्हतं. पण ते बोलून गेले, आणि त्या क्षणापासून क्लबची बाजू ठरली. पुढे बैठकीत आम्ही पर्यायांची चर्चा वगैरे केली खरी, पण प्रत्येक पर्यायाच्या शेवटी कोणीतरी विचारायचंच, ‘मग कोच जे बोलले त्याचं काय?’

नोटीस

सोमवारी दुपारी बाराला नोटीस आली. उत्तराची मुदत मंगळवार संध्याकाळी सहा. जोडीला चार कोनांतून चित्रफीत आणि रेफरीचं निवेदन. त्या निवेदनातली दोन वाक्यं महत्त्वाची होती. त्यांनी लिहिलं होतं की डिफेंडरचा पाय बाहेर आलेला आणि विंगर पडलेला त्यांना दिसला, म्हणून त्या पायामुळेच तो पडला असं त्यांनी धरलं. गोलमागच्या कॅमेऱ्यातलं चित्र पाहिल्यावर आपण ती पेनल्टी दिली नसती, असंही त्यांनी नोंदवलं होतं.

मी हे वाचलं, आणि पुढच्या पानावर गेलो. आज ते निवेदन पुन्हा काढून पाहिलं की आश्चर्य वाटतं, कारण प्रकरण तिथेच संपलं होतं.

आमच्यापुढचे पर्याय

दुपारी तीनला बैठक बसली. कोच, सरचिटणीस, क्लबचे वकील, व्हिडिओ विश्लेषक, मी, आणि अर्ध्या तासानं विंगर.

वकिलांनी पहिला पर्याय मांडला: स्पर्श झालाय, तर फसवणूक कशी? त्यांच्याकडे 2009 चा दाखला होता. आर्सेनल आणि सेल्टिक यांच्यातला चॅम्पियन्स लीग पात्रतेचा सामना. आर्सेनलचा एदुआर्दो सेल्टिकचा गोलरक्षक बोरुत्सच्या अंगावरून पडला आणि पेनल्टी मिळाली. युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, दोन सामन्यांची बंदी घातली. क्लबनं अपील केलं, आणि काही दिवसांतच बंदी रद्द झाली. रेफरी फसवलाच गेला हे समितीच्या मते पुरेसं सिद्ध होत नव्हतं. ‘युएफाला जमलं नाही ते इथे कसं जमणार?’ वकील म्हणाले. खोलीत जरा हुशारी आली.

दुसरा पर्याय सरचिटणीसांना सुचला: पाय येताना पाहून इजा टाळण्यासाठी त्यानं उडी घेतली, फसवायचा हेतू नव्हता. वकिलांनीच तो मोडीत काढला. 1995 मध्ये जर्मनीत डॉर्टमुंडचा आंद्रेआस मोलर कार्ल्सरूहेविरुद्ध असाच पडला होता. डिफेंडर त्याच्यापासून लांब होता. आपण बचावासाठी पडलो, असं मोलरनं सांगितलं. तो बचाव चेष्टेचा विषय झाला आणि जर्मन फुटबॉल महासंघानं त्याला दोन सामने बंदी आणि दहा हजार मार्कांचा दंड केला. त्या हंगामात डॉर्टमुंड विजेताही ठरला, हे सरचिटणीसांनी हळूच जोडलं. कोणी हसलं नाही.

तिसरा पर्याय म्हणजे मान्य करणं. तो कोणी मांडलाच नाही. विश्लेषकानं त्याऐवजी लॅपटॉप फिरवून आमच्यासमोर धरला.

तिनं गोलमागच्या कोनातलं चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवलं. त्या प्रक्षेपणात एका सेकंदात पंचवीस फ्रेम होत्या. एका फ्रेमवर ती थांबली: विंगरचे दोन्ही गुडघे वाकायला लागलेत, मागच्या बुटाचं टोक गवतावर घासतंय, हात वर निघालेत. डिफेंडरचा पाय अजून लांब. मग तिनं मोजत बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या फ्रेमला नडगीला नडगी लागली. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग तो आधीच पडत होता.

‘पाय लागलाय,’ ती म्हणाली. ‘पण पायामुळे पडला नाही. पडताना पाय लागला.’

तिच्याकडेही एक दाखला होता. नोव्हेंबर 2017, क्रिस्टल पॅलेस आणि एव्हर्टन. एव्हर्टनचा उमार नियास पॅलेसच्या स्कॉट डॅनचा स्पर्श झाल्यावर पडला, पेनल्टी मिळाली, सामना 2-2 सुटला. तिथेही स्पर्श होता आणि खेळाडूनं आरोप नाकारला होता. समितीनं म्हटलं की साध्या स्पर्शाचा परिणाम त्यानं वाढवून दाखवला. दोन सामने बंदी. नव्या नियमाखाली शिक्षा झालेला प्रीमियर लीगमधला तो पहिला खेळाडू. 2009 चा एदुआर्दो आणि 2017 चा नियास यांच्यामध्ये आरोपाचा प्रश्नच बदलला होता. आधी सगळा भर स्पर्श झाला का यावर असायचा. नियासच्या वेळी समितीनं विचारलं, पडण्याचं कारण तो स्पर्श होता का? आमचा नियम त्या दुसऱ्या प्रश्नावर बांधलेला होता आणि आमचे वकील पहिल्याचं उत्तर घोकत होते.

यानंतर विंगर आत आला. कोचनी विचारलं, ‘लागलं होतं ना तुला?’

‘हो कोच. लागलं होतं.’

प्रश्न असा विचारल्यावर दुसरं उत्तर येण्याची शक्यता नव्हती. मीच मध्ये पडून ‘आधी लागलं की आधी पडलास?’ असं विचारायला हवं होतं. तो माझ्याकडे एकदा बघूनही गेला, कोणीतरी तसं विचारेल अशा अपेक्षेनं, असं मला नंतर वाटत राहिलं. मी वहीत ‘खेळाडूचं म्हणणं: स्पर्श झाला’ असं लिहिलं.

स्लाइड

तो गेल्यावर विश्लेषकानं दार लावून आणखी एक गोष्ट दाखवली. सामन्याच्या आधी खेळाडूंना दाखवलेल्या सादरीकरणातली नववी स्लाइड. त्यांच्या उजव्या सेंटर बॅकचे तीन जुने प्रसंग, तिन्हीत तो पाय बाहेर टाकून आखडता घेतोय. खाली एक ओळ: ‘पाय बाहेर आला की कॉन्टॅक्ट घ्या.’

ही ओळ तिनंच लिहिली होती, सहायक कोचच्या सांगण्यावरून. फुटबॉलमध्ये हे शब्द रोजचे आहेत. त्यात कोणी खोटं पडा असं म्हणत नाही. अर्थ मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. पोरानं शिकवलेलं केलं होतं, आणि आता त्याला एकट्याला पुढे करून आम्ही म्हणणार होतो की त्यानं काही केलंच नाही.

‘समितीनं सादरीकरण मागितलं तर?’ तिनं विचारलं.

‘मागणार नाहीत,’ वकील म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा एकूण सूर होता. समितीनं ते खरंच मागितलं नाही. पण ती स्लाइड त्या खोलीतून बाहेर न जाणं हाही एक निर्णयच होता आणि तो मतदान न घेता झाला.

निर्णय

लढायचं ठरलं. कारण सरळ होतं आणि ते मीच शब्दांत मांडलं: मान्य केलं तरी दोन सामने, नाही केलं तरी दोन, मग लढायला काय जातं? मला ते तेव्हा चोख व्यवहारी वाटलं. कबूल करणाऱ्याला नियमानं काहीच सवलत ठेवली नव्हती, त्यामुळे प्रत्येक क्लब लढणारच. ज्यांनी नियम लिहिला त्यांच्याकडेही हा दोष जातो. कबुलीला एका सामन्याची सूट असती तर आमची बैठक वेगळ्या दिशेनं गेली असती, याची मला जवळपास खात्री आहे.

विश्लेषकानं असहमती नोंदवायला सांगितली. इतिवृत्तात ती एका ओळीत आहे.

सुनावणी आणि निकाल

सुनावणी बुधवारी, पाऊण तासाची. वकिलांनी 2009 चा दाखला दिला. समितीतल्या माजी खेळाडूनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि रेफरीचं निवेदन वाचून दाखवलं. ज्याला फसवलं तोच फसलो म्हणतोय, तेव्हा फसवणूक सिद्ध होत नाही हा मुद्दा उरलाच नाही. मग त्यानं विंगरला एकच प्रश्न विचारला: ‘तुझा मागचा पाय जमिनीवर का घासत होता?’

विंगर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तोल गेला होता.’

‘कशामुळे?’

याला उत्तर आलं नाही.

एकमतानं आरोप सिद्ध. दोन सामने बंदी. त्यांच्या डिफेंडरचं दुसरं पिवळं कार्ड रद्द, त्यामुळे पुढचा सामना तो खेळला. तीन गुण आमच्याकडेच राहिले. त्यांच्या क्लबनं यावर एक कडक पत्र काढलं आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दोन सामने नसणं आम्हाला झेपलं असतं. झेपलं नाही ते दुसरंच. निकालपत्र जाहीर झालं आणि त्यात खेळाडूचं स्पष्टीकरण ‘विश्वासार्ह वाटत नाही’ असे शब्द होते. कबूल केलं असतं तर निकालपत्र चार ओळींचं झालं असतं. लढल्यामुळे ते तीन पानी झालं, त्यात फ्रेमचे आकडे आले, तो गवतावर घासणारा बूट आला. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवर तो चेंडूला लागला की प्रेक्षक आरोळ्या ठोकायला लागले.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी पत्रकार परिषद. चारही कोन पाहिल्याशिवाय पेनल्टीवर बोलायचं नाही, हा नियम आम्ही नंतर केला. ‘अजून पाहिलं नाही’ हे वाक्य कोचना जड जातं, कारण समोरचा लगेच म्हणतो की तुम्ही टाळताय. पण ते जड वाक्य नंतरच्या तीन पानांपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरं, खेळाडूचं म्हणणं कोचसमोर घ्यायला नको होतं. पुढच्या शनिवारी आपल्याला संघात घेणार की नाही हे ज्या माणसाच्या हातात आहे, त्याच्यासमोर 22 वर्षांचा मुलगा ‘मी आधीच पडलो’ असं म्हणणार नाही. त्याच्यासोबत खेळाडू संघटनेचा कोणी असायला हवा होता. क्लबचा वकील क्लबचा असतो. त्या दुपारी क्लबचं हित आणि मुलाचं हित एकच आहे असं आम्ही सगळ्यांनी न विचारता धरून चाललो.

स्लाइडबद्दल माझं मत अजून पूर्ण ठरलेलं नाही. ती आपणहून समितीपुढे ठेवायला हवी होती का? ठेवली असती तर मुलाचा दोष थोडा कमी दिसला असता आणि क्लबचा वाढला असता. नियम फक्त खेळाडूला शिक्षा करतो, शिकवणाऱ्याला करत नाही. म्हणून दाखवायची कोणाला गरज भासली नाही. लीगनं नियम कडक केला तो नेमका अर्ध्यावर, असं मला वाटतं: ज्याचे गुडघे वाकले तो पकडला जातो आणि ज्यानं ‘कॉन्टॅक्ट घ्या’ लिहून दिलं त्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही.

आणि एक. सामना चालू असताना, पेनल्टी घेण्याआधी, विंगर रेफरीला सांगू शकला असता. हा पर्याय बैठकीत कोणी उच्चारलाही नाही, मीही आत्ता लिहिताना थोडा संकोचतोय. 78 वं मिनिट, 1-1, तळाचे चार. मी त्याच्या जागी असतो तर सांगितलं नसतं.

त्यानंतर

स्लाइडवरची ती ओळ गेली. तिच्या जागी आलं, ‘पाय बाहेर आला की आतल्या बाजूनं निघून जा.’ विंगर दोन सामने बाहेर बसला, परत आला, आणि सरावात विश्लेषकाबरोबर बसून त्यानं स्वतःचे जुने प्रसंग पाहिले. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

परतल्यानंतरच्या चौथ्या सामन्यात तो पुन्हा तसाच बॉक्समध्ये शिरला. या वेळी डिफेंडरनं खरोखर घोट्यावर लाथ घातली. तो लडखडला, पण उभा राहिला, पुढे धावला आणि तोल नसताना मारलेला फटका खांबाबाहेर गेला. शिट्टी वाजली नाही. उभा राहणाऱ्याला पेनल्टी देऊ नये असं नियमात कुठेही नाही, तरी ती सहसा मिळत नाही. आणि त्याच्याबद्दलचं तीन पानी निकालपत्र तर सगळ्याच रेफरींनी वाचलं असावं. आमच्या बाकावरून मोठ्यानं आवाज आला: ‘पड ना!’

सोमवारच्या बैठकीत विश्लेषकानं ती क्लिप शेवटी लावली. लाथ दिसली, लडखडणं दिसलं, फटका दिसला, आणि मैदानाजवळच्या माइकनं पकडलेला तो आवाजही सगळ्यांना ऐकू आला. विंगरनं घोट्यावरचं बँडेज खाजवत विचारलं, ‘मग मी काय करायला हवं होतं, कोच?’

कोचनी रिमोट घेतला, क्लिप सुरुवातीला नेली आणि पुन्हा लावली. या वेळी आवाज बंद करून.